हिलालआप्पांचा काटकोन

हिलालआप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खोटं बोलत होते.

“रोज करस, बेन. सकाय, दुपार, संध्याकाय. तीन टाइम,” असं ते हेतलबेनला छातीठोकपणे सांगत होते. हेतलबेन आमची फिजिओथेरपिस्ट. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, अंगकाठी बारीक, पण बोटांत पैलवानाची ताकद. तिनं आप्पांच्या गुडघ्याला कोन मोजायची प्लॅस्टिकची पट्टी लावली, डोळे बारीक करून आकडा वाचला आणि शेजारच्या खाटेवर शेक घेत पडलेल्या माझ्याकडे ती पट्टी वळवली. मी गणिताची शिक्षिका आहे हे तिला आदल्याच दिवशी कळलं होतं. पट्टी पस्तीस अंश दाखवत होती.

“टीचर, तमेज कहो. त्रण टाइम करे तो पांत्रीस होय?”

‘बाई, गृहपाठ केला होता, पण वही घरी राहिली’ हे वाक्य मी सव्वीस वर्षं ऐकत आले आहे. ते म्हणणाऱ्याचा चेहरा कसा दिसतो हे मला पाठ आहे. आप्पांचा चेहरा अगदी तसाच होता, फक्त त्याला मिशी होती.

हा दवाखाना सुरतेच्या उधन्यात, साड्यांच्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर होता. चार खाटा, मध्ये हिरवे पडदे, एक जागेवरच चालवायची सायकल आणि भिंतीवर हाडांच्या सापळ्याचं चित्र. माझा उजवा खांदा आखडला होता. हात वर जाईना, म्हणून मी दोन महिने फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच गणितं सोडवत होते. वरच्या भागात सातवीच्या मुलांनी माझं चित्र काढलं होतं. ते मला दिसत होतं, पण पुसता येत नव्हतं. तर अशा अवस्थेत मी तिथं पोचले आणि शेजारची खाट आप्पांची निघाली.

आप्पा कडोदऱ्याच्या एका लूमच्या, यंत्रमागाच्या, कारखान्यात मास्टर होते. मास्टर म्हणजे बिघडलेली यंत्रं दुरुस्त करणारा, त्यांची नाडी ओळखणारा माणूस. मूळ गाव दोंडाईच्याच्या अलीकडे, सुरतेत येऊन पस्तीस वर्षं झालेली, वय बावन्न. मे महिन्यात गावी पुतण्याचं लग्न होतं. वरातीत बँडवाल्यानं सूर धरला आणि आप्पांनी नवरदेवाला खांद्यावर घेतलं. नवरदेव चांगला भरल्या अंगाचा. तिसऱ्या गिरकीला पाय जमिनीत रुतून राहिला आणि आप्पा वळले. गुडघ्यातला बंध तुटला. जूनमध्ये सुरतेत ऑपरेशन झालं. मांडीच्या मागची एक शीर काढून तिचा नवा बंध करून बसवला, दोन्ही टोकांना स्क्रू लावले. ऑपरेशन उत्तम झालं असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ते खरंच होतं. पण त्यानंतर गुडघा आखडून बसला. पाय सरळ राहायचा, वाकायचा नाही.

ही हकीकत मला आप्पांकडून कळली नाही. त्यांच्याकडे तिच्या वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. शेठला त्यांनी जिन्यावरून घसरलो असं सांगितलं. बायकोच्या माहेरच्यांना लूमचा रूळ पायावर पडला असं सांगितलं. व्याह्यांना सांगताना तर कोणी मोटारसायकलवाला त्यांना उडवून पळून गेला होता. आता त्या वरातीचा व्हिडिओ सगळ्या भाऊबंदांच्या मोबाइलवर फिरत होता, व्याह्यांच्याही. त्यात आप्पा गिरकी घेताना, पडताना आणि नवरदेव त्यांच्यावर पडताना स्वच्छ दिसत होतं. तरी समोरचे सगळे मान डोलावून त्या मोटारसायकलवाल्याला शिव्या देत. खानदेशातली माणसं मोठ्या मनाची, हे मला नाशिकची असूनही मान्य करावं लागतं.

आप्पा ठेंगणे, काटक, केस पांढरे, मिशी मात्र काळी. पस्तीस वर्षं लूमच्या खडखडाटात राहून कान गेलेले, म्हणजे माणसांसाठी गेलेले. ‘वाकवा’ हा शब्द तर त्यांना कुठल्याच भाषेत ऐकू यायचा नाही. ते स्वतः फार मोठ्यानं बोलत. त्यांची गुजराती म्हणजे अहिराणीच्या मागे ‘छे’ जोडलेली, पण आवाजामुळे समोरच्याला ती पटायची. मांडीपासून घोट्यापर्यंत त्यांनी डॉक्टरांनी दिलेला लांब पट्टा बांधलेला असे. त्या पट्ट्यात आणि मांडीत जी फट राहायची तिथं त्यांनी संसार थाटला होता. तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, चष्मा, रिक्षावाल्याच्या नंबराची चिठ्ठी, सगळं त्यातून निघायचं. रिक्षातून उतरताना आधी पाय उतरायचा, मग आप्पा.

माणसांचं ऐकू न येणारे हे कान यंत्रांच्या बाबतीत मात्र तिखट होते. एकदा हेतलबेननं त्यांना सायकलवर बसवलं. पाय अर्धा तरी फिरवा, म्हणाली आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली. आप्पांनी पायडल एवढंसं पुढं केलं, थांबले आणि मान तिरकी केली.

“मॅडम, आयकाले येस का?”

मला काहीच ऐकू येत नव्हतं.

“डावीकडलं बेअरिंग रडी राहिनं,” आप्पा म्हणाले. “मशीन बोलस, मॅडम. आयकनारा पाहिजे.”

हेतलबेन परत आली तेव्हा सायकल खाटेवर आडवी पडली होती आणि आप्पा खुर्चीत, पाय समोर काठीसारखा लांब करून, सायकलच्या पोटात हात घालून बसले होते. अर्ध्या तासात सायकल लोण्यासारखी फिरायला लागली. पुढच्या आठवड्यात त्यांनी पंखा दुरुस्त केला, मग माझा खांदा ज्या दोरीनं वर ओढायचा त्या दोरीची कप्पी. मला व्यायाम करताना ते आकडे मोजून देत आणि दहाच्या ऐवजी बारा करून घेत. दवाखान्यातली सगळी यंत्रं आणि सगळी माणसं त्यांनी चालती केली. फक्त त्यांचा गुडघा पस्तीसवरून चाळीसवर आला होता.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी तंबी दिली होती की गणपतीच्या आत निदान नव्वद अंश, म्हणजे काटकोन झाला नाही तर पुन्हा भूल देऊन पाय जोर लावून वाकवावा लागेल. आणि काटकोनानंही आप्पांचं भागणार नव्हतं. मास्टरला लूमच्या खाली शिरावं लागतं. अर्धी यंत्रणा खाली असते, तिथं उकिडवं बसायचं, आडवं व्हायचं, पुन्हा उठायचं, दिवसातून पन्नास वेळा. शेठ फळांची करंडी घेऊन घरी येऊन गेले होते. माणूस सज्जन. म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीनंतर लाभपाचमीला कारखाना उघडेल तेव्हा या. मशीनखाली बसता आलं तर मास्टरकी तुमचीच. नाही आलं तरी काळजी करू नका, गेटवर तुमच्यासाठी खुर्ची टाकून ठेवतो, पगारही देतो. तोपर्यंत तात्पुरता म्हणून दुसरा मास्टर ठेवला होता.

जगात माणसं खुर्चीसाठी काय काय करतात. आप्पांना त्या खुर्चीची इतकी धास्ती वाटत होती की तिचं नाव काढलं की ते पट्ट्यातून तंबाखू काढत. “गेटवर बठीसन गाड्या मोजाना,” म्हणत आणि तंबाखू मळत राहत.

मग व्यायाम का करत नव्हते? हे कोडं मला त्यांच्या घरी गेल्यावर थोडं उलगडलं. एकदा त्यांचा चष्मा दवाखान्यात राहिला. त्यांचं घर डिंडोलीत, माझ्या शाळेच्या वाटेवर. म्हटलं, देऊन येऊ. दाराबाहेर बारा-तेरा जोडी चपला. आत खाटेवर आप्पा, नवा लेंगा घातलेला, लांब पट्टा वरून घट्ट बांधलेला, पायाखाली दोन उशा आणि त्यावर फुलाफुलांची चादर. समोर जमिनीवर सकाळच्या पॅसेंजरनं आलेले शिरपूरकडचे पाहुणे. प्रत्येक जण पायाकडे बघून चुकचुकत होता. एक म्हातारी पायावरून हात फिरवून बोटं मोडत होती. आप्पांच्या चेहऱ्यावर असा काही भाव होता की लग्नात नवरदेवाच्याही नसतो.

“हलावू नको, भाऊ,” म्हातारी म्हणाली. “बिलकूल हलावू नको.”

“नही हलावस, मावशी,” आप्पा म्हणाले. हे वचन मात्र ते इमानेइतबारे पाळत होते.

त्यांची बायको मंगलाबाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. ती घरी साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम करायची. बोलताना तिच्या हातात कात्री असायची आणि बोलणंही तसंच. तिनं सांगितलं की जूनपासून असं चाललंय. रोज कोणी ना कोणी येतं. एवढा खर्च करून, एवढं लांबून माणसं बघायला येतात, आणि आजारी माणूस पाय वाकवून बसलेला दिसला तर त्यांना काय वाटेल? म्हणून पाहुण्यांची चाहूल लागली की आप्पा पट्टा बांधून, उशा घेऊन पडतात. पाहुणे गेले की दमतात म्हणून पडतात. “हऊ माणूस दिनभर पडी ऱ्हास, आनि सांगस तीन टाइम करस,” ती म्हणाली आणि कचकन एक धागा कापला.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन हेतलबेनला हे सगळं सांगितलं. चहाडी करायची सवय शिक्षकांना नसते, ती मुलांना असते. पण मुलांमध्ये राहून राहून लागते.

हेतलबेननं आप्पांना फैलावर घेतलं. आप्पांनी ते ऐकू न आल्यासारखं केलं. पण ती गेल्यावर पडद्यापलीकडून त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच हळू.

“मॅडम, लूमवर तार तुटनी तर काय करतस, माहीत शे?”

मी नाही म्हटलं.

त्यांनी सांगितलं. विणताना ताणलेली तार, म्हणजे धागा, तुटली की तिला गाठ मारायची. नव्या कारागिराला मास्टर पहिली गोष्ट कुठली शिकवत असेल तर ही, की ताजी गाठ ओढून बघायची नाही. ओढली की जाते. पस्तीस वर्षांत त्यांनी हजारदा हे लोकांना शिकवलं होतं, ओढली म्हणून लोकांच्या कानाखाली आवाज काढले होते. “मन्हा गुडघामा नवी गाठ शे, मॅडम. दोन स्क्रूवर बांधेल. आते तिले मी सोता कशी ताणू?”

तेव्हा मला कळलं की पाहुणे हे निमित्त होतं. हा माणूस घाबरला होता. आणि घाबरला होता तो अडाणीपणानं नाही, तर त्याला जे सगळ्यात चांगलं येत होतं त्याच्यामुळे. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. ते म्हणाले, डॉक्टरले तारमधलं काय समजस. त्या दिवशी मी त्यांची चेष्टा केली नाही, एवढंच.

श्रावणात कानबाई आली, खानदेशची देवी. सुरतेत खानदेशी माणसाच्या घरी कानबाई बसते तेव्हा दिवाळी फिकी पडते. गावाकडचे सगळे भाऊबंद जमतात, घरातल्या पुरुषांची मोजदाद करून माणशी मुठीनं गहू घेतात, त्याचे रोट होतात आणि ते फक्त भाऊबंदांनीच खायचे. मला रोट मिळणार नव्हता, पण दर्शनाचं बोलावणं होतं. मी संध्याकाळी गेले.

समोरच्या खोलीत चौरंगावर कानबाई. केळीचे खांब, नारळाला नथ, डोळे, पिवळी ओढणी, सगळा साज. तिच्यापेक्षा उंच कोणी बसायचं नाही अशी त्या घराची रीत, म्हणून आप्पांची खाट सकाळीच गच्चीवर गेली होती. खुर्च्याही गेल्या होत्या. पंधरा-वीस माणसं जमिनीवर बसलेली. आप्पांना दोघा भावांनी काखेत धरून अलगद खाली ठेवलं. पाय अर्थातच समोर लांब.

तो नेमका कानबाईकडे होता.

“पाय कोनाकडे करी राहिना रे तू?” थोरले भाऊ, ज्यांना सगळे नाना म्हणत, ते कडाडले. आप्पा घाईनं दोन्ही हातांवर उजवीकडे सरकले. तिकडे खुद्द नानाच बसले होते. थोरल्या भावाकडे पाय करून बसणार कसं? आप्पा आणखी सरकले. आता पाय जावयाच्या मांडीला लागला. जावई बिचारा उठून उभा राहिला, तर तो कानबाईपेक्षा उंच झाला म्हणून त्याला सगळ्यांनी ओढून खाली बसवलं. आप्पा पुढं सरकून दाराकडे वळले. आता पाय कोणाकडेच नव्हता, पण पाठ कानबाईकडे झाली. बायकांमध्ये हसू पिकलं होतं. मीही तोंडाला पदर लावला होता, खोटं कशाला बोलू. आप्पा घड्याळाच्या काट्यासारखे खोलीभर फिरले आणि शेवटी स्वयंपाकघराच्या दारात तिरके बसले. अंग या खोलीत, पाय त्या खोलीत.

एवढ्यात मंगलाबाई आतून खिरीचं पातेलं घेऊन आली आणि त्या पायाला अडखळली. पातेलं वाचलं. तिनं ते खाली ठेवलं, पदर खोचला आणि भरल्या घरात, मोठ्या दिरासमोर, आप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

“दिवाळीनी सुट्टीमा मशीन बंद ऱ्हास ना? आठ-दहा दिन उभं ऱ्हायनं का जाम व्हस ना? मंग लाभपाचमले तुम्ही काय करतस? मशीनना पाया पडतस, का हातनी फिरावतस?”

आप्पांनी कानामागे हात नेला.

“सांगा ना. हातनी फिरावतस का नही?”

“फिरावतस,” आप्पा म्हणाले.

“मंग?” असं म्हणून ती पातेलं घेऊन गेली.

हसू थांबलं होतं. आप्पा आपल्या पायाकडे बघत बसले. एवढ्या माणसांत ते मला एकदम एकटे दिसले आणि मगाशी हसल्याची मला लाज वाटली. पंगत बसली तेव्हा सगळे भाऊ मांडी घालून एका ओळीत बसले. आप्पा ओळीच्या शेवटी, पाय बाहेर काढून. मी प्रसादाचे फुटाणे घेऊन निघाले तेव्हा त्यांनी वर बघितलं नाही.

दोन दिवसांनी आप्पा दवाखान्यात आले ते पट्टा न बांधता. तो त्यांच्या काखेत होता. तंबाखूची पुडी शर्टाच्या खिशात गेली होती. पट्टा त्यांनी हेतलबेनच्या टेबलावर ठेवला.

“बेन, आज खोटं नही बोलस. एक टाइमबी नही करेल. आजपावत नही करेल.” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “गाठ तुटी जाई का?”

हेतलबेन हसली नाही, याबद्दल तिचे मी मनोमन आभार मानले. ती म्हणाली, “नई तूटे, काका. मारी जवाबदारी.”

त्या दिवसापासून दवाखान्यात जो आरडाओरडा सुरू झाला त्याला तोड नव्हती. खालच्या गोदामातली माणसं एकदा वर येऊन बघून गेली. हेतलबेन आप्पांची टाच धरून मागे रेटायची आणि आप्पा तिच्या, डॉक्टरांच्या, वरातीतल्या बँडवाल्याच्या नावानं ओरडायचे. मग त्यांनी एक तोडगा काढला.

“मॅडम, तुम्ही पाढा म्हना. अवघड पाहिजे. मी मांगे म्हनस. ध्यान तिकडे जाई.”

मी एकोणतीसचा पाढा सुरू केला. त्यांना ऐकू यावं म्हणून ओरडून म्हणावा लागे. एकोणतीस पाचे पंचेचाळासे, आप्पा मागून, हेतलबेन रेटतेय, तिसऱ्या खाटेवरचे मानदुखीचे काका आपल्या परीनं साथ देतायत. आप्पांचा पाढा नेहमी साताशी अडायचा, कारण तिथंच हेतलबेनचा जोर जास्त व्हायचा. घरी मंगलाबाईनं पाहुण्यांसाठी नवा नियम काढला होता. भेटायला येणाऱ्यानं आधी आप्पांचा पाय दहा वेळा वाकवायचा, मग चहा. पाहुणे पंधरा दिवसांत आटले.

पंचावन्न झाले, सत्तर झाले. गणपतीच्या आदल्या दिवशी पट्टीवर नव्वद आले. मी ते स्वतः वाचलं. सव्वीस वर्षांत मी फळ्यावर हजारो काटकोन काढले असतील, पण एखाद्या काटकोनानं माझे डोळे भरून आले असं पूर्वी झालं नव्हतं. आप्पांनी खाटेवरून दोंडाईच्याला, शिरपूरला, व्याह्यांना, सगळ्यांना फोन लावले. “नव्वद! नव्वद वयनात!” पलीकडच्या काहींना वाटलं आप्पांना नव्वदावं लागलं. दुसऱ्यांदा भूल द्यायची वेळ टळली.

“काका, हजी अडधुं ज थयुं,” हेतलबेन म्हणाली. लूमखाली शिरायला अजून बरंच हवं होतं. पुढं मात्र गाडी हळू झाली. दसऱ्याला शंभर, दिवाळीला एकशे पंधरा. त्यापुढं एक अंशही नाही. हेतलबेननं आपली सगळी ताकद लावली, आप्पांनी तीन टाइम नाही तर सहा टाइम केलं. गुडघा एकशे पंधरावर ठाम राहिला. उकिडवं बसणं त्यात होत नव्हतं. आप्पा ओरडायचे थांबले होते, आणि तेच मला जास्त खटकत होतं.

लाभपाचमीला कारखान्याचा मुहूर्त होता. आप्पांनी आम्हा दोघींना प्रसादाला यायला सांगितलं. हेतलबेन तिच्या गावी होती. मी गेले, शाळेला सुट्टीच होती. कडोदऱ्याला पोचले तेव्हा पूजा आटोपली होती. प्रत्येक लूमवर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढलेला. आणि गेटपाशी, सावलीत, एक नवी कोरी खुर्ची ठेवली होती. तिच्याकडे न बघता मी आत गेले.

लूम एकेक करून सुरू होत होते. तिसऱ्या ओळीतल्या एकाजवळ गर्दी होती. त्याचा धोटा, आडवा धागा नेणारा, मधेच अडकत होता. नवा मास्टर, ओडिशाचा, चाळिशीचा शांत माणूस, पाना घेऊन पाव तास झटत होता. शेठ उभे होते. आप्पा थोडे मागे, हात पाठीशी.

“एकवार चलाव,” आप्पा म्हणाले. लूम दोन-चार फेऱ्या फिरला आणि थांबला. आप्पांनी मान तिरकी केली. मग ते पुढं आले, नव्या मास्टरच्या हातातून पाना घेतला आणि खाली गेले.

कसे गेले ते मी पाहिलं. उकिडवे बसले नाहीत. एक हात यंत्रावर, दुसरा जमिनीवर, आधी चांगला पाय मुडपला, मग आखडलेला पाय बाजूला सरकवत कुशीवर झाले आणि लूमखाली सरपटत शिरले. ही युक्ती त्यांनी घरी खाटेखाली करून करून बसवली होती, असं मंगलाबाईनं मला नंतर सांगितलं. बाहेर नुसती पावलं दिसत होती. आतून दोनदा पाना वाजला.

“चालू कर!”

लूम चालला. धोटा न अडकता येरझाऱ्या घालू लागला. शेठ पाच मिनिटं कापड बघत राहिले. मग त्यांनी नव्या मास्टरला हातानं पलीकडची शेड दाखवली आणि म्हणाले, “तमे पेली बाजू संभाळो. आ लाइन हिलालनी.” मला हायसं वाटलं. माझ्या दुखऱ्या हातानं मी टाळी वाजवणार होते.

आणि मग आप्पांना बाहेर यायचं होतं.

सरपटत बाहेर येणं जमलं. पण उठणं हे निराळं काम होतं. खाली जाताना शरीराचं ओझं मदतीला असतं, उठताना ते विरुद्ध असतं. मी पुढं झाले, हात द्यायला. तेवढ्यात एका कारागिरानं माझ्यापुढं चहाचा कप धरला.

“मैडमजी, इधर आइए. चाय लीजिए,” तो म्हणाला आणि मला हळूच वळवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आसपासच्या सगळ्या कारागिरांनी आपापल्या लूमकडे तोंडं केली होती. कोणी नसलेली तार शोधत होता, कोणी पुसलेलंच पुसत होता. शेठ उदबत्ती सरळ करत होते, ती सरळच होती. नवा मास्टर पलीकडच्या शेडकडे निघाला होता, तोही वाटेत थांबून पाठ करून उभा होता. कोणी कोणाला खूण केली नव्हती. हिलालमास्टरला उठताना बघायचं नाही, हे त्या शेडमध्ये प्रत्येकाला आपोआप समजलं होतं.

मीही कप घेतला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. चाळीस लूमच्या खडखडाटात मागचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. चहा संपला. रिकामा कप मी तसाच हातात धरून ठेवला.

मग अगदी जवळून, नेहमीच्या मोठ्या आवाजात, जरा धाप लागल्यासारखी हाक आली.

“मॅडम, च्या लिधा का तुम्ही?”

“हो आप्पा, घेतला,” मी ओरडून म्हटलं, आणि आणखी थोडा वेळ थांबून मगच वळले.